चंपतरावांची वैनगंगा

चंपतराव परात्यांनी आयुष्यभर जे जे घडवलं ते सगळं लोकांनी जाळलं. यात रडण्यासारखं काही नाही, त्यांचं कामच ते होतं. ते बडगे करायचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात मारबत, म्हणजे गावची पीडा घेऊन जाणाऱ्या बाईचा पुतळा, मिरवणुकीने निघते आणि तिच्यासोबत हे बडगे निघतात. बांबूच्या कामट्या, तणस, जुने पेपर आणि खळ यांचे दहा-पंधरा फुटी पुतळे. त्या वर्षी ज्याने लोकांना छळलं असेल त्याचा बडग्या. कधी महागाईचा, कधी डेंग्यूचा, कधी रस्त्यावरच्या खड्ड्यांचा. दिवसभर गल्लीबोळातून मिरवायचा, "घेऊन जा गे मारबत" म्हणून घसा फुटेस्तोवर ओरडायचं आणि शेवटी काडी लावायची. चंपतरावांनी तीस वर्षं हेच केलं.

बडग्याच्या गळ्यातल्या पाटीवरच्या ओळी मी लिहितो. इतवारीत माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. माझी जीभ तिखट आहे, हे मला चौथीतच मास्तरांनी छडी मारून सांगितलं होतं. एरवी अशा जिभेला लोक जोडे मारतात, पण मारबतीच्या दिवशी तिला हार घालतात. म्हणजे पुतळा चंपतरावांचा आणि शिव्या माझ्या, अशी आमची जोडी होती. मंडळाचे अध्यक्ष बाबाराव दरवर्षी विषय ठरवून आधी त्यांच्याकडे जायचे आणि मग माझ्याकडे यायचे.

चंपतराव म्हणजे किडकिडीत माणूस, एकसष्ट वर्षांचा, तोंडात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा, बोटं कामट्यांनी चिरलेली. मूळ घराणं उमरेडच्या विणकरांचं. वडील माग विकून नागपुरात आले आणि मुलाच्या हाताला बांबू लागला. बोलणं कमी. पण कामाबद्दल विचारलं की एक गोष्ट ते नेमाने सांगायचे. "कागदावर जेवढं दिसते ना भाऊ, त्याच्या दीडपट फुगवा लागते. पोट असो का नाक असो. गर्दीतून मागच्या मानसाले दिसलं पायजे." हे वाक्य मी शंभरदा ऐकलं असेल. यानेच त्यांचा घात केला.

तीन वर्षांपूर्वी धरमपेठेत हर्षित सरांची पाच मजली इमारत उभी राहत होती. हर्षित सर म्हणजे डॉक्टर होऊ पाहणाऱ्या पोरांना प्रवेश परीक्षेसाठी शिकवणारे. शहरात त्यांचे फलक इतके की पत्ता सांगताना लोक त्यांच्याच फोटोखाली वळायला सांगतात. इमारतीच्या तोंडावर काहीतरी भव्य हवं म्हणून त्यांनी मयुरा मॅडमला काम दिलं. मॅडम धरमपेठेतल्याच, बाहेर जाऊन शिल्पकला शिकून आलेल्या. त्यांनी कल्पना काढली की पाचव्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत वैनगंगा उतरवायची. चाळीस फूट उंच नदी, नकाशात वळते तशी वळणारी, तिला येऊन मिळणारी कन्हान, कन्हानला मिळणारी पेंच, एका बाजूला रामटेकची टेकडी आणि आपली नाग नदीही एवढीशी. कल्पना वाईट नव्हती. माझ्या तोंडून मी क्वचितच कुणाचं चांगलं बोलतो, म्हणून हे वेगळं सांगून ठेवतो.

कागदावर काढलेली नदी भिंतीवर चढवणार कोण? मॅडमनी मारबतीच्या मिरवणुकीत चंपतरावांचा बडग्या पाहिलेला होता. त्या शोधत त्यांच्या घरी आल्या आणि विचारलं, "काका, फायबरमध्ये कराल का?"

चंपतरावांनी फायबरचं काम थोडंफार केलं होतं, गणपतीच्या दोन-चार मूर्तींपुरतं. त्यांनी फक्त एक विचारलं. "हे किती वर्स टिकते?"

"शंभर वर्षं तरी हलणार नाही," मॅडम म्हणाल्या.

मजुरीची बोलणी बायको सुमतीबाईंनी केली. चंपतरावांची एकच अट होती, खालच्या पितळी पाटीवर आपलं नाव पाहिजे. मॅडम म्हणाल्या, "म्हणजे काय काका, टाकूच की." दुसऱ्या दिवशी मॅडमचा आराखडा मोठा करून छापायला ते माझ्या दुकानात आले. नदीचे मी पट्ट्या-पट्ट्यांनी अकरा फ्लेक्स काढून दिले. ते छापून होईपर्यंत स्टुलावर बसून होते. मग म्हणाले, "भाऊ, मायं नाव चांगल्या अक्षरात लिहून दे. पितळेवर कोरायले द्या लागते." मी लिहून दिलं. तीस वर्षांत त्यांचं नाव लिहायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली होती, कारण बडग्यावर करणाऱ्याचं नाव नसतं.

प्रताप नगरात एका रिकाम्या प्लॉटवर पत्र्याचं शेड घातलं आणि चंपतराव तिथे अकरा महिने राबले. आधी मातीत नदी घडवायची, तिच्यावरून साचा काढायचा, साच्यात फायबर भरायचं, मागून लोखंडी अँगल बसवायचे. मॅडम महिन्यातून एकदा यायच्या, बाकी वेळी फोनवर फोटो मागायच्या आणि "मस्त काका" असं उत्तर पाठवायच्या. फोटोत सगळंच मस्त दिसतं. मॅडमच्या आराखड्यात नदी सपाट होती, भिंतीवर जेमतेम चार बोटं वर आलेली. चंपतरावांना ते पटेना. रस्त्यावरून जाणाऱ्या मागच्या माणसाला दिसणार कसं? त्यांनी ती फुगवली. वळणावर जास्त फुगवली. अंभोऱ्याला, जिथे नद्या एकत्र येतात तिथे त्यांचं आजोळ होतं, तिथे तर त्यांनी जीव ओतला आणि घागरीएवढा फुगवटा केला. मी एकदा तिथे गेलो तेव्हा ते त्या फुगवट्यावर ओल्या फडक्याने हात फिरवत होते. म्हणाले, "इथं पोहायले शिकलो मी. मामानं ढकलून देल्लं होतं." त्या दिवशी ते मला फार आवडले, हे मी कबूल करतो.

रंग मॅडमचा. नदी निळी दाखवणं त्यांना बालवाडीतल्या मुलांसारखं वाटत होतं. त्यांनी मातीचा रंग काढला, तांबूस, गुलाबीकडे झुकणारा, आणि वरून चकाकीचा हात.

जूनमध्ये नवी तुकडी सुरू होताना इमारतीचं उद्घाटन झालं. पडदा ओढला, टाळ्या झाल्या. चंपतराव नवा शर्ट घालून, सुमतीबाईंना घेऊन गर्दीच्या कडेला उभे होते. लोक नदी पाहत होते आणि हे दोघं पाटी पाहत होते. पाटीवर लिहिलं होतं, "संकल्पना व निर्मिती" आणि पुढे मयुरा मॅडमचं नाव. खाली हर्षित सरांचं. चंपतरावांना वाटलं, मागच्या बाजूला असेल. ते भिंतीला वळसा घालून मागे जाऊन आले. मागे पाण्याच्या मोटरीचं बटण होतं.

मॅडमना गाठलं तर त्या म्हणाल्या, "अहो काका, पाटी फार लहान झाली. आपण तुमची वेगळी लावू." त्या वेगळ्या पाटीसाठी चंपतराव तीनदा धरमपेठेला गेले. पहिल्यांदा चौकीदाराने बसवून ठेवलं. दुसऱ्यांदा सर शिकवत होते. तिसऱ्यांदा सर भेटले आणि म्हणाले, "दिवाळीनंतर बघू ना काका, घाई काय आहे?"

घाई होती, कारण तोवर शहराने आपलं काम सुरू केलं होतं. डॉक्टर होऊ पाहणारी दीड हजार पोरं रोज त्या भिंतीखालून आत जात होती आणि त्यांनी वर्गात पहिल्याच महिन्यात पचनसंस्था शिकली होती. गुलाबी, फुगीर, चकचकीत, वळणावळणांनी खाली उतरणारी चाळीस फूट लांब वस्तू पाहून त्यांना वैनगंगा कशाला आठवेल? महिना सरायच्या आत त्या इमारतीचं नाव आतडीवाली बिल्डिंग पडलं. अंभोऱ्याचा संगम म्हणजे जठर झालं. बिचाऱ्या नाग नदीचं अपेंडिक्स झालं. ऑटोवाले विचारू लागले, "आतडीपाशी सोडू का पुढं?" कुणीतरी पोटदुखीच्या गोळ्यांची जाहिरात भिंतीसमोर उभं राहून केली आणि ती शहरभर फिरली.

मी स्वतः जाऊन पाहिली. खूप हसलो. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो आणि मग आजूबाजूला पाहिलं, चंपतराव तर नाहीत ना. नव्हते. ते मागच्याच आठवड्यात येऊन गेल्याचं पानठेल्यावाल्याने सांगितलं. "एक बुढा आला होता, अर्धा घंटा उभा होता. पोरं हासून राहिली होती तं तोबी हासला," असं तो म्हणाला.

घरी सुमतीबाई देवाला हात जोडत होत्या. "नाव नाही लागलं तेच बरं झालं. लागलं असतं तं तोंड दाखवाले जागा नसती उरली."  पण चंपतराव पाटीचा हट्ट सोडायचे नाहीत. दुकानात आले की म्हणायचे, "दिवाळीनंतर लावतो म्हन्ले सर." मी म्हटलं, "चंपतराव, आता काहून पाहिजे नाव? लोक थुंकतील." ते म्हणाले, "थुंकू दे नं. मायावर थुंकतीन."

पोळा जवळ आला तसे बाबाराव माझ्या दुकानात शिरले. चेहरा खुलला होता. "भाऊ, यंदा विषय पाह्यजे तसा भेटला. आतडीवाली बिल्डिंग!" विषय खरंच जबर होता. शिकवणीवाल्यांनी बापांना नागवलं होतं, पोरं कोमेजून घरी परतत होती, शहराच्या पोटात राग होता. आणि रागाला चेहरा हवा असतो, तो इथे आयता भिंतीवर टांगलेला होता. माझ्या तोंडात ओळ तिथल्या तिथे आली. "पोराचं आतडं, बापाचं कातडं, सोलणाऱ्याले घेऊन जा गे मारबत!" बाबारावांनी मांडीवर थाप मारली.

त्या क्षणी मी एक वाक्य बोलायला हवं होतं. ते शिल्प चंपतरावांनी केलंय, एवढंच. मंडळात कुणालाच ते माहीत नव्हतं. अकरा महिने ते प्रताप नगरात जाऊन काय करतात याची इतवारीत कुणी चौकशी केली नव्हती. माहीत फक्त मला होतं. मी बोललो नाही. उलट बाबाराव त्यांच्याकडे निघाले तेव्हा मीही चप्पल घातली आणि सोबत गेलो. मला बघायचं होतं.

चंपतराव अंगणात कामट्या तासत होते. बाबारावांनी विषय सांगितला, फोनवर फोटो दाखवला. म्हणाले, "हूबेहूब पायजे, चंपतराव. तेच वळण, तोच रंग. वरून हर्षितचं मुंडकं लावू."

चंपतरावांनी फोटो हातात घेतला आणि दूर धरून पाहिला, आपलं काम पहिल्यांदा पाहत असल्यासारखं. मग विचारलं, "हे कोनं केलं म्हन्ते?"

"कोन्या गाढवानं केलं काय माहीत! नाव त्या मॅडमचं हाय, पन हात कोन्यातरी मिस्त्र्याचा असन. भेटला पाह्यजे साला. त्यालेच बडग्यासंगं बांधून फिरवू."

चंपतरावांनी माझ्याकडे पाहिलं. फार नाही, एक श्वास घेण्याइतकं. आतून सुमतीबाई दारात आल्या होत्या आणि त्याही माझ्याकडेच पाहत होत्या. मी गाईच्या गोठ्याकडे बघत राहिलो.

"होईन," चंपतराव म्हणाले.

आठ दिवस त्यांनी तो बडग्या केला. सुमतीबाईंनी त्या वर्षी खळ शिजवून दिली नाही. "आपल्या हातानं आपलंच मढं बांधून राहिले तुमी," एवढं बोलून त्या लेकीकडे उमरेडला निघून गेल्या. खळ चंपतरावांनी स्वतः शिजवली. मी रोज एक फेरी मारायचो आणि रोज चकित व्हायचो, कारण माणूस चिडून काम करत नव्हता. मन लावून करत होता. अकरा महिने ज्या वळणांवरून हात फिरला होता ती वळणं हाताला पाठ होती, फोटो बघायची त्यांना गरज पडली नाही. एका वळणापाशी ते थांबले आणि म्हणाले, "इथं भिंतीवर मायाकडून जास्त फुगलं होतं भाऊ. इथूनच ते आतड्यासारखं दिसते." आणि मग कागदी आतड्याला त्यांनी तिथे अजून फुगवलं, कारण आता तेच पाहिजे होतं.

मिरवणुकीत आमच्या बडग्याने बाकी सगळ्यांना खाऊन टाकलं. शिकवणीतलीच पोरं पांढरे कोट घालून नाचायला आली होती. माझी ओळ चौकाचौकातून गर्जत होती. बायका माडीवरून ओरडत होत्या, म्हातारे फोन वर धरून चित्रण करत होते. एक जण म्हणाला, "असलीपेक्षा नक्कल भारी हाय बे!" चंपतराव माझ्या शेजारून चालत होते. ते ऐकून त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. तीस वर्षांत त्यांच्या कामाचं इतकं कौतुक मी ऐकलं नव्हतं आणि ते त्यांच्या तोंडावर, त्यांना न ओळखता होत होतं. शेवटी काडी लावली. वरचं मुंडकं भसकन पेटलं, खालचं आतडं मात्र धुमसत राहिलं. पोरं काठ्यांनी झोडपू लागली. चंपतराव म्हणाले, "कामट्या ओल्या होत्या. वाळाले दोन दिवस कमी पडले." एवढंच.

ते चित्रण हर्षित सरांपर्यंत पोचायला अर्धा दिवसही लागला नाही. पुढच्या आठ दिवसांत चाळीस पोरांनी नाव काढून घेतलं, आणि सरांना वैनगंगा नकोशी झाली. उतरवायला दोन ठेकेदार येऊन भिंत पाहून गेले, पण बोल्ट कुठे ठोकलेत आणि कुठला तुकडा कुठल्यावर बसलाय हे कळेना. ओढाओढ केली तर बाजूच्या खिडक्यांच्या काचा फुटणार. तेव्हा सरांचा फोन चंपतरावांना आला. "काढायलाही तुम्हीच या काका. तुम्हालाच माहीत आहे."

ते गेले. दोन मजूर घेऊन तीन दिवसांत त्यांनी चाळीस फूट नदी वरून खाली उतरवली. ग्राइंडरने कापली, कारण अख्खे तुकडे गाडीत मावेनात. कबाडी फायबर घेत नाही. ते वितळत नाही, कुजत नाही, कशाच्या उपयोगी नाही. शेवटी भांडेवाडीच्या कचऱ्यावर टाकून आले.

चौथ्या दिवशी दुपारी ते माझ्या दुकानात आले. मी मान वर केली नाही. त्यांनी खिशातून चार घड्यांचा कागद काढून काउंटरवर उलगडला. "भाऊ, याले लॅमिनेशन करून दे."

स्टॅम्पपेपरची झेरॉक्स होती. मयुरा मॅडमच्या वकिलाने लिहिलेला कागद. हर्षित सर मॅडमकडून नुकसानभरपाई मागत होते आणि मॅडमना आपली मान सोडवायची होती. मी वाचलं. "सदर शिल्पाची संपूर्ण घडण व निर्मिती श्री. चंपतराव पराते यांनी स्वतःच्या हाताने केली असून, मूळ आराखड्यात नसलेला फुगवटा त्यांनी स्वतःच्या मर्जीने केला. शिल्प विद्रूप झाल्याची सर्व जबाबदारी त्यांची एकट्याची आहे. श्रीमती मयुरा यांचा त्यात कोणताही हात नाही." खाली सही. सही करताना त्यांनी पेन फार दाबून धरलं असावं, झेरॉक्सवरही ती जाड उमटली होती.

"चंपतराव, यात तुम्ही फसलात," मी म्हटलं. "रंग त्यांचा होता. फोटो त्या पाहत होत्या. उद्या भरपाई तुमच्याकडून मागतील."

"मायाकडं काय हाय मागाले?" ते म्हणाले. "मी तीनदा वाचून सही केली. त्याईनं लिवून देल्लं नं, पुरी निर्मिती माही हाय म्हणून?"

"बरं, मग एक करतो. वरच्या दोन ओळी ठेवतो, खालचं कापून टाकतो. भिंतीवर लावा."

"नाई, नाई. पुरं ठेव." त्यांनी कागदावर पंजा ठेवला. "दुसऱ्याची चूक कोनी आपल्या नावावर घेते का गा? चूक माही हाय, म्हंजे काम माहं हाय. खालचं कापलं तं वरचं कोन खरं मानन?"

मी मशीन तापायला लावलं. त्याला पाच मिनिटं लागतात. त्या पाच मिनिटांत गिऱ्हाईक आलं नाही, फोन वाजला नाही, मला कुठे पळायला जागा मिळाली नाही. त्यांनी रागाने नाही, बाजारभाव विचारावा तसं विचारलं.

"तुले तं माहीत होतं नं भाऊ, ते माहं हाय म्हणून? मंग बाबारावले तवाच सांगतलं काहून नाई?"

खोटं बोलायला मी काही नवखा नाही, पण त्यांच्यासमोर जमलं नाही. "बडग्या फार मजेदार होणार होता," मी म्हणालो.

चंपतरावांनी मान हलवली. मशीनमधून गरम कागद बाहेर येत होता, तो त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

"झाला बी," ते म्हणाले.